सायकलचा रकाना

नोकरीवर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी माझ्यापुढे सह्यांसाठी जे कागद ठेवण्यात आले, त्यांत वाहन-पासचा एक अर्ज होता. नाव, विभाग, वाहनाचा प्रकार, वाहन क्रमांक, परवाना क्रमांक आणि खाली सही, एवढाच तो कागद. वाहनाच्या प्रकारासमोर दोन चौकटी होत्या, एक चारचाकीची आणि एक दुचाकीची. मी दुचाकीच्या चौकटीत खूण केली, क्रमांकाच्या जागी ‘सायकल’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि परवान्याची जागा कोरी सोडली. संध्याकाळपर्यंत अर्ज परत आला. त्यावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘क्रमांक भरून पुन्हा सादर करावा.’

सायकलला क्रमांक नसतो, हे मी प्रशासन विभागात जाऊन सांगितले. समोरच्या गृहस्थांना ते माहीत होते आणि त्यांचे माझ्याशी काही वाकडेही नव्हते. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि क्रमांक भरल्याशिवाय ती प्रणाली पुढे सरकतच नाही, हे दाखवले. पास नाही म्हणून फाटकातून सायकल आत नेता येत नाही, आणि क्रमांक नाही म्हणून पास मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरचे सुरक्षारक्षक मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही खुशाल आत जा, सायकल मात्र बाहेर लावा.” ते हे हळू आवाजात, जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, म्हणून मी वाद घातला नाही.

पुढचे अकरा महिने माझी सायकल आवाराच्या भिंतीबाहेर, एका विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली असे. पावसात भिजून चेन गंजली. एका संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा सीट नव्हती. नुसती नळी उभी होती आणि तिच्या टोकाशी बोल्टाचे ताजे ओरखडे होते. नऊ किलोमीटरपैकी अर्धे अंतर पॅडलवर उभे राहून आणि उरलेले अर्धे सायकल हाताने ढकलत मी घरी आले. त्या रात्री सीटपेक्षा त्या अर्जाचाच विचार जास्त वेळ मनात राहिला. मी रोज कशी येते हे लिहायला त्या संस्थेच्या कागदावर जागाच नव्हती, आणि जे कागदावर लिहिता येत नाही त्याची काळजी घेणे हे तिथे कोणाचेही काम नव्हते.

सायकलने कामावर येणाऱ्या माणसाला पाठिंबा देणारी संस्था कशी ओळखावी, असे आता मला अनेकजण विचारतात, आणि दर वेळी मला तो अर्ज आठवतो. भिंतीवरची भित्तिपत्रके, वर्षातून एकदा साजरा होणारा सायकल दिवस, संकेतस्थळावरची हिरवी पाने या सगळ्यांपेक्षा मला तो एक रकाना अधिक खरा वाटतो. ज्या संस्थेच्या नेहमीच्या, कंटाळवाण्या कागदपत्रांत सायकलला जागा आहे, तिथे सायकलस्वाराला रोज नव्याने परवानगी मागावी लागत नाही. पाठिंबा या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ तेवढाच आहे.

सीट गेल्यानंतरच्या आठवड्यात मी व्यवस्थापनाला एक पानी पत्र लिहिले. चार रात्री मी त्यासाठी वाचत होते आणि त्या पत्रातला प्रत्येक आकडा मला अजून पाठ आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधल्या २,६३,४५० लोकांच्या नोंदींचा अभ्यास करून २०१७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने अकाली मृत्यू येण्याचा धोका, गाडीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी आढळला होता. नेदरलँड्समधील १,२३६ कर्मचाऱ्यांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सायकलने येणाऱ्यांची आजारपणाची रजा वर्षाला सरासरी ७.४ दिवस, तर न येणाऱ्यांची ८.७ दिवस भरली होती. हे दोन्ही अभ्यास कार्यकारणाची खात्री देत नाहीत, कारण मुळात निरोगी असणारी माणसेच अधिक प्रमाणात सायकल चालवत असतील ही शक्यता राहतेच. तेही मी पत्रात प्रामाणिकपणे नमूद केले. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, हे लिहिले. आणि कॅलिफोर्नियाचे उदाहरण दिले. तिथे १९९२ साली असा कायदा झाला की, कर्मचाऱ्यांना भाड्याची मोटार-जागा फुकट देणाऱ्या ठरावीक मालकांनी, ती जागा नको असलेल्या कर्मचाऱ्याला तेवढी रक्कम रोख द्यावी. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ संस्थांचा अभ्यास केला तेव्हा मोटारीतून एकट्याने येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. कोणालाही सक्ती केली नव्हती. मोटारीने येणाऱ्याला आजवर जे मुकाट्याने मिळत होते, ते बाकीच्यांनाही उघडपणे देऊ केले, इतकेच घडले होते.

पत्राला उत्तर आले नाही. आज ते पत्र पुन्हा वाचताना मला त्यातली एक उणीव जाणवते. मी संस्थेला तिचा फायदा पटवून देत बसले होते. रजा कमी होतील, जागा वाचेल, माणसे टिकतील, हे सगळे खरे असेलही. पण मोटारीने येणाऱ्या एकाही सहकाऱ्याला मोटार लावण्याच्या जागेसाठी असा हिशेब मांडावा लागला नव्हता. त्याला जागा हवी असणार हे गृहीत धरलेले होते. मलाही तेवढेच गृहीत धरले जायला हवे होते. म्हणून मी नोकरी शोधायला लागले आणि त्या शोधात सायकल ही एक अट म्हणून पहिल्यापासून धरली.

नोकरीच्या जाहिरातीत हे कुठेही लिहिलेले नसते. विचारावे लागते, आणि विचारण्याची पद्धत शिकावी लागते. पहिल्या दोन मुलाखतींत मी हा प्रश्न अगदी शेवटी, उठता उठता, ओशाळल्यासारखा विचारला. एका ठिकाणी उत्तर आले, “अरे वा, तुम्ही सायकलने येणार? फारच छान!” आणि तिथेच विषय संपला. कौतुक आणि सोय यांत फार मोठे अंतर आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले. कौतुक करणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी कपाळावर आठी आली आणि “वेळेवर पोहोचता येईल ना?” असा प्रतिप्रश्न आला. या शंकेला मी आता शांतपणे उत्तर देते. माझ्या वहीत तीन वर्षांच्या नोंदी आहेत. नऊ किलोमीटरला मला चौतीस ते अडतीस मिनिटे लागतात, आणि वाऱ्याचा किंवा पावसाचा दिवस असला तर पाच-सात मिनिटे अधिक. याच रस्त्याने मोटारीने येणारी माझी सहकारी एखाद्या दिवशी वीस मिनिटांत पोहोचे आणि एखाद्या दिवशी तिला सव्वा तास लागे. सायकल हळू चालते खरी, पण ती किती वेळ घेणार हे आदल्या रात्री सांगता येते.

तिसऱ्या मुलाखतीपासून मी मुलाखतीलाच सायकलने जाऊ लागले, ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी. नीटनेटके कपडे पिशवीत, पाण्याची बाटली आणि एक छोटा टॉवेल. फाटकाशी पोहोचले की पहिला प्रश्न एकच, “सायकल कुठे लावू?” याचे उत्तर तयार असेल, हात आपसूक एका दिशेला गेला असेल, तर तिथे सायकली येतात. उत्तर देणारा गोंधळला, आत फोन लावू लागला, तर येत नाहीत. मुलाखतीच्या खोलीत तासाभरात जे कळत नाही, ते फाटकाशी अर्ध्या मिनिटात कळते.

त्यानंतर स्टँड पाहायचे, आणि ते जवळून पाहायचे. एका मोठ्या, झगमगीत इमारतीच्या तळघरात मला वीस सायकलींचे स्टँड दिसले होते आणि क्षणभर आनंद झाला होता. जवळ गेले तर तिथे सात सायकली होत्या आणि त्यांतल्या सहांची चाके जमिनीवर पसरलेली होती. हवा गेलेला टायर काही महिने एकाच जागी उभा राहिला की रिमखाली त्याची घडी पडते आणि त्या घडीवर रबराला बारीक चिरा जातात. हँडलवर धुळीचा थर होता, एका ब्रेकच्या तारेपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते. सातवी सायकल तेवढी जिवंत होती, तिची चेन तेलाने ओली होती. त्या एका सायकलच्या मालकाला भेटून दोन गोष्टी विचाराव्यात असे फार वाटले, पण वेळ नव्हता. वापरातले स्टँड वेगळे दिसते. तिथल्या नळ्यांवरचा रंग कुलपांच्या घासण्याने एका विशिष्ट उंचीवर उडालेला असतो आणि आतले लोखंड हात लागून लागून गुळगुळीत झालेले असते.

स्टँडच्या घडणीवरूनही बरेच कळते. पुष्कळ ठिकाणी जमिनीलगत खाचा असलेली पट्टी बसवतात, ज्यात फक्त पुढचे चाक घुसवता येते. येता-जाता कोणाचा धक्का लागून सायकल कलंडली की सगळा भार त्या चाकावर येतो; रिम वाकते, आरे तुटतात. शिवाय कुलूप चाकालाच लागते, सांगाड्याला लागत नाही, आणि चाक काढून ठेवून बाकीची सायकल नेणे चोराला अवघड नसते. याउलट उलट्या ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली, दोन्ही टोके जमिनीत घट्ट रोवलेली साधी लोखंडी नळी, जिला ब्रिटनमध्ये शेफील्ड स्टँड म्हणतात, ती सर्वांत चांगली. सायकल तिला टेकून उभी राहते, सांगाडा आणि चाक दोन्ही एकाच कुलपात बांधता येतात आणि एका नळीला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली लागतात. दोन नळ्यांत साधारण एक मीटर अंतर हवे, नाहीतर हँडले एकमेकांत अडकतात. यात महागडे किंवा अवघड असे काहीच नाही. ज्याने स्वतः कधी सायकल लावली आहे, अशा माणसाला विचारून स्टँड बसवले की नाही, एवढाच काय तो प्रश्न असतो.

अंघोळीच्या सोयीबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. सायकलस्वारांसाठी संस्थेने काय करावे, असे विचारले की लोक पहिल्यांदा शॉवर म्हणतात. इमारतींना पर्यावरणाच्या निकषांवर गुण देणाऱ्या लीड या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत याचे प्रमाणच ठरवून दिले आहे. इमारतीत नियमित येणाऱ्यांपैकी किमान ५ टक्के लोकांसाठी सायकलींची सुरक्षित, दीर्घकाळाची जागा, पहिल्या १०० माणसांमागे एक शॉवर आणि त्यापुढे दर १५० माणसांमागे आणखी एक. निकष चांगला आहे, मला तो मनापासून मान्य आहे. पण एका संस्थेत मी शॉवर दाखवा म्हणाले, तेव्हा दाराला कुलूप होते, किल्ली रजेवर गेलेल्या एका अधिकाऱ्याकडे होती, आणि दाराच्या काचेतून आत मोडक्या खुर्च्या नि कागदांचे खोके छतापर्यंत रचलेले दिसत होते. इमारतीला त्याचे गुण मिळून गेले होते. नऊ-दहा किलोमीटर बेताच्या वेगाने येणाऱ्याला बहुतेक दिवशी भरपूर पाणी असलेले बेसिन, आतून कडी लागेल अशी एक खोली, दोन खुंट्या आणि ओला टॉवेल वाळत घालायला जागा पुरते. लांबून येणाऱ्यांना, चढाच्या रस्त्याने येणाऱ्यांना शॉवर लागतोच, आणि त्यांच्यासाठी तो असावाच. माझे म्हणणे इतकेच की शॉवर आहे का, असे विचारू नये. शेवटचा कोणी आणि केव्हा वापरला, असे विचारावे.

पोशाखाचा प्रश्न मी पटकन संपवते, कारण तो कपाटाने सुटतो. एक कुलूपबंद कप्पा मिळाला की एक जोडी बूट आणि दोन दिवसांचे कपडे तिथेच राहतात.

वेळेचा प्रश्न मात्र कपाटाने सुटत नाही, आणि सगळ्या सोयींहून तो मोठा आहे. सायकलने आलेल्या माणसाला पोहोचल्यावर दहा मिनिटे लागतात. श्वास खाली येण्यासाठी, घाम टिपण्यासाठी, कपडे बदलण्यासाठी. फाटकातली वेळ आणि खुर्चीवर बसण्याची वेळ यांत जी संस्था ही दहा मिनिटे खळखळ न करता धरते, तिथे स्टँडवर छप्पर नसले तरी माणूस वर्षानुवर्षे सायकलने येतो. जिथे नऊच्या ठोक्याला बैठक ठेवतात आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेल्याकडे सगळे माना वळवून पाहतात, तिथे संगमरवरी स्नानगृह बांधले तरी दोन महिन्यांत सायकल सुटते. म्हणून मुलाखतीत मी आता थेट विचारते, दिवसाची पहिली बैठक साधारण किती वाजता असते? या प्रश्नात सायकलचा उल्लेखही नसतो, पण उत्तरात सायकलबद्दलचे बहुतेक सगळे येते. दुसरा प्रश्न, कामासाठी दुसऱ्या ठिकाणी जावे लागले तर प्रवासखर्चाच्या नमुन्यात कोणकोणती वाहने आहेत? आणि तिसरा, येता-जाता रस्त्यात अपघात झाला तर संस्थेचा विमा लागू होतो का, आणि सायकलवर असताना लागू होतो का? जर्मनीत घर ते कामाचे ठिकाण या नेहमीच्या वाटेवरचा अपघात सक्तीच्या अपघात विम्यात येतो, मग माणूस चालत असो, मोटारीत असो की सायकलवर. ज्या संस्थेला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही, तिथे निदान तो एकदा विचारला गेल्याची नोंद राहते.

प्रवासखर्चाच्या नमुन्याचे मला विशेष अप्रूप आहे. ब्रिटनमध्ये कामासाठी स्वतःचे वाहन वापरल्यास मालकाने करमुक्त द्यावयाच्या भत्त्याचे जे दर सरकारने ठरवले आहेत, त्यांत सायकलसाठी मैलाला २० पेन्स हा वेगळा दर आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा त्या रकमेपेक्षा तिथे सायकलची एक वेगळी ओळ आहे याचाच आनंद झाला. त्याच देशात १९९९ च्या वित्त कायद्याने मालकाला कर्मचाऱ्याला करसवलतीत सायकल देण्याची वाट मोकळी करून दिली. जर्मनीने २०१२ साली, संस्थेच्या मोटारीला करात जी वागणूक मिळत होती ती संस्थेने दिलेल्या सायकललाही लागू केली, आणि त्यानंतर पगारातून हप्ते भरून सायकल वापरायला घेण्याची पद्धत तिथे फोफावली. बेल्जियममध्ये सायकलने कामावर येण्याचा भत्ता पूर्वी क्षेत्राक्षेत्रांतल्या करारांवर अवलंबून होता. १ मे २०२३ पासून, ज्या खासगी क्षेत्रांत असा करार नव्हता तिथल्या कर्मचाऱ्यांनाही किलोमीटरला ०.२७ युरो देणारा राष्ट्रीय करार लागू झाला. प्रत्येक ठिकाणी आधी कोणीतरी एका नमुन्यात एक ओळ वाढवली आहे. ओळ पुसलीही जाते. अमेरिकेत २००९ पासून सायकलने येणाऱ्या कर्मचाऱ्याला मालक महिन्याला २० डॉलरपर्यंतचा खर्च करमुक्त देऊ शकेल अशी तरतूद होती. २०१८ पासून ती सवलत काढून घेण्यात आली, आणि मोटार लावण्याच्या जागेची करसवलत मात्र कर्मचाऱ्यांसाठी चालूच राहिली.

जिथे मी आज काम करते ती संस्था लहान आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिथल्या प्रशासन अधिकाऱ्यांचा फोन आला. वेळ सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, कशाने येणार? सायकलने, असे मी म्हटल्यावर पलीकडे कौतुकही झाले नाही आणि शंकाही निघाली नाही. ते म्हणाले, “मग पुढच्या फाटकाने येऊ नका. त्या रस्त्याला अवजड वाहने असतात आणि शेवटी चढ आहे. मागच्या बाजूने या, अर्धा किलोमीटर जास्त पडेल, पण सावली आहे.” फोन ठेवल्यावर मी काही वेळ तशीच बसून राहिले. ज्या माणसाने तो रस्ता सायकलवरून कापला आहे, किंवा सायकलवरून आलेल्यांचे रोज ऐकले आहे, त्यालाच असे वाक्य सुचते. पगार मला आधीच्यापेक्षा थोडा कमी मिळणार होता. तो निर्णय मी त्या फोनवरच मनाशी करून टाकला होता, आणि त्याचा मला पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही.

रुजू होताना तोच कागद समोर आला, वाहन-पासचा अर्ज. त्यात तीन चौकटी होत्या. तिसरी सायकलची होती, आणि तिच्यापुढे क्रमांकाच्या जागी छापले होते, ‘सायकलचा रंग व खूण’. मी लिहिले, ‘निळी, हँडलच्या डाव्या मुठीला कापडी पट्टी.’ त्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर पाहिले तर भिंतीला एक हवा भरायचा पंप दोरीने बांधलेला होता आणि त्याच्या खालच्या पत्र्याच्या डब्यात पंक्चर काढायचे सामान, दोन पाने आणि तेलाची बाटली होती. डब्याच्या झाकणावर खडूने लिहिले होते, ‘तेल संपत आले की कार्यालयात सांगा.’

तिथे सगळेच उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. शॉवर नाही. स्टँड इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि सूर्यास्तानंतर तिथे इतका अंधार असे की कुलपाचे भोक बोटांनी चाचपावे लागे. उशिरापर्यंत काम करणाऱ्या आम्हा तिघीजणी त्यामुळे एकमेकींसाठी थांबत असू, आणि थांबता आले नाही की त्या दिवशी सायकल आणत नसू. दिव्यासाठी अर्ज केला, दोन महिने लागले, पण दिवा आला. तो लागल्यानंतर एकट्याने निघणे पुन्हा सुरू झाले. सायकलच्या सोयींची चर्चा करताना दिवा सहसा कोणाला आठवत नाही, आणि ज्यांना आठवतो त्या बहुधा स्त्रिया असतात.

पहिल्या नोकरीतली एक गोष्ट सांगायची राहिली. ती सोडण्याच्या सुमारास मला एके दिवशी पहाटे लवकर जावे लागले होते. फाटकावरचे तेच सुरक्षारक्षक, ज्यांनी अकरा महिने मला सायकल बाहेर लावायला सांगितले होते, ते समोरून येताना दिसले. सायकलवर. आवाराच्या भिंतीला वळसा घालून ते मागे गेले, तिथल्या पत्र्याच्या आडोशाला त्यांनी सायकल टेकवली, वरून प्लॅस्टिकचा कागद पांघरला, चारही टोके विटांनी दाबली आणि गणवेशाची टोपी घालून फाटकाकडे आले. आडोशाला आणखी सहा-सात सायकली तशाच झाकलेल्या होत्या. सफाईच्या बायका, उपाहारगृहातली मुले, बागेचे काम करणारे काका या सगळ्यांच्या. “काका, तुम्हीही सायकलने येता?” असे मी विचारले, तर ते म्हणाले, “सोळा वर्षं झाली, मॅडम. आम्हाला पास लागत नाही, आम्ही आत आणतच नाही.”

मी त्या संस्थेला पत्र लिहिले तेव्हा इथे सायकलने येणारी मी एकटीच आहे, असे गृहीत धरले होते. ग्लासगोचे आणि नेदरलँड्सचे आकडे मी शोधून काढले, पण भिंतीच्या मागे जाऊन पाहिले नव्हते. मला नोकरी बदलता आली, कारण माझ्यापुढे तीन-चार पर्याय होते आणि थोडा कमी पगार मला परवडणार होता. ज्यांच्यापुढे पर्याय नसतो ते बहुतेक वेळा सायकलनेच येतात. त्यांचा संस्थेशी करारही नसतो, कारण त्यांचे मालक कंत्राटदार असतात. हल्ली कोणी मला चांगली संस्था कशी ओळखावी असे विचारले, तर मी आधी स्टँडवर जायला सांगते आणि तिथे कोणाच्या सायकली आहेत ते पाहायला सांगते. तिथे फक्त हलक्या, गिअरच्या सायकली असतील, तर इमारत झाडून घेणाऱ्या माणसांच्या सायकली कुठे असतात, हेही विचारावे.

माझ्या आताच्या संस्थेतही हा प्रश्न सुटलेला नव्हता. अर्जात सायकलची चौकट होती, पण अगदी वर ‘कर्मचारी क्रमांक’ हा रकाना होता आणि सफाईच्या मावशींना तो क्रमांक नसतो. त्यांच्या सायकली कुंपणाबाहेर असत. आम्ही काहीजणांनी प्रशासन अधिकाऱ्यांकडे हे मांडले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी टेबलावरची छापील अर्जांची थप्पी पुढे ओढली आणि एकेका अर्जावर, त्या रकान्यापुढे, पेनने कंसात ‘असल्यास’ असा शब्द लिहायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मुद्दाम लवकर गेले. मावशींना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांचा अर्ज मी भरायला घेतला. नाव लिहिले, कर्मचारी क्रमांकाची जागा सोडली, तिसऱ्या चौकटीत खूण केली.

“मावशी, सायकलचा रंग?”

“हिरवा. होता.”

“आणि खूण?”

त्यांनी मागे वळून सायकलकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. “मागच्या कॅरिअरला लाल दोरी बांधलीय,” त्या म्हणाल्या, “आणि डावं पॅडल नुसती दांडी आहे.”

मी तसेच लिहिले.